दुसऱ्या पाकिटातला माणूस

फेटा सारखा करायला भाऊसिंगने दोन्ही हात वर केले, सदऱ्याची बाही खांद्याकडे सरकली, आणि त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला तारामतीला तो डाग दिसला. रुपयाएवढा. मध्ये निळा, कडेला पिवळट. त्याच्याखाली आणखी एक, लहान. हात खाली आले, बाही खाली आली, डाग झाकले गेले. दवाखान्याच्या ओसरीवरच्या बाकावर ती नेहमीसारखी उजव्या टोकाला बसली होती, तो डाव्या टोकाला. समोर निंबाखाली कोणीतरी बैलगाडी सोडली होती आणि बैल सावकाश रवंथ करत होते. तिच्या मनात पहिलं जे आलं ते शब्दांत आलं नाही. छातीतून काहीतरी हलकं होऊन खाली उतरलं, उन्हातून ओट्यावर चढल्यावर वाटतं तसं. काय ते तिला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. ते समाधान होतं. रोग परत आला होता, आणि तो तिच्याकडे आला नव्हता.

वाशीमच्या त्या दवाखान्यात दर दुसऱ्या सोमवारी ही दोन माणसं येत. जवरीलाल कापडवाल्याची बायको तारामती, वय एकोणतीस. आणि किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा भाऊसिंग, वय चोवीस-पंचवीस, त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. बबनराव कंपाउंडर दोघांच्या बोटाला सुई टोचायचे, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचे, पट्ट्या वाळल्या की कापसात गुंडाळून लाकडी डबीत घालायचे आणि डबी मुंबईच्या इस्पितळात पोस्टाने पाठवायचे. आठ-दहा दिवसांनी दोन पोस्टकार्डं येत. दोन्हींवर इंग्रजीत एकेक ओळ असे आणि बबनराव ती वाचून मान हलवत, म्हणजे ठीक आहे. दोघांच्याही रक्ताला एकच रोग झाला होता. दोघांचाही मुंबईला दबला होता. आणि दबलेला रोग दबलेलाच राहावा म्हणून दोघांना दोन वेगळी औषधं दिली होती. तिची गोळी रोजची होती. त्याची दोन दिवसांआडची, पिवळी, एका वेळी बऱ्याच घ्यायच्या. कोणाचा रोग किती दिवस झोपून राहतो हे त्या काचेच्या पट्ट्यांवरून मुंबईला पाहत होते. वाशीमच्या बाजारपेठेतून, हळद आणि सरकीचा वास येणाऱ्या रस्त्याने ती घरी जायची तेव्हा तिच्या मनात यायचं की आपलं जगणं आता आपल्या एकटीचं राहिलेलं नाही. त्याला दुसरी एक बाजू आहे. ती किन्हीराजाच्या मोटारीने येते आणि फेटा बांधते.

छप्पन सालच्या दिवाळीत तिच्या अंगावर असेच डाग उठले होते. आधी मनगटावर, मग मांड्यांवर, मग कुठेही. पेढीवरच्या गाद्यांच्या खोळी बदलताना कोपर नुसतं भिंतीला टेकलं तरी संध्याकाळपर्यंत तिथे निळं व्हायचं. गल्लीतल्या बायका तिच्या हाताकडे बघायच्या आणि मग जवरीलालकडे. ज्या माणसाने गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नाही तो त्या दिवसांत मान खाली घालून दुकानात जायचा. एकदा तो तिला म्हणाला होता, "सांग ना त्याइले, मी हात नाई लावत तुले." तिने कोणाला काही सांगितलं नाही. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप यायला लागला. काढे झाले, अकोल्याचे डॉक्टर झाले, आणि शेवटी मुंबई. तिथल्या वॉर्डात चार महिने. तिथलं तिला आता फार थोडं आठवायचं. खिडकीच्या गजाचा गार स्पर्श, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं सतत पाणी मागणं आणि एके दिवशी ती खाट रिकामी दिसणं, चादर बदललेली, उशी मधोमध ठेवलेली. आणि मग एक दिवस भूक लागली. नुसती भूक. मोठे डॉक्टर खाटेजवळ उभे राहून म्हणाले होते, "रोग दबलाय. गेला, असं मी म्हणत नाही. आता तो वर येऊ नये म्हणून औषध चालू ठेवायचं. बरं वाटलं तरी."

कोणतं औषध, ते पाकिटातून निघालं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. औषधं दोन आहेत, दोन्हींनी गुण येतो, पण दबलेला रोग कोणतं जास्त दिवस दाबून ठेवतं हे जगात अजून कोणाला माहीत नाही. म्हणून बंद पाकिटांचा गठ्ठा केलाय, आधी येईल त्याला वरचं पाकीट. जवरीलालने हात जोडून विचारलं होतं, "साहेब, त्यातली चांगली कोनती?" डॉक्टर म्हणाले होते, "ते माहीत असतं तर पाकिटं कशाला केली असती?" पाकिटं ज्या खोलीत देत होते तिच्या दाराशी एक उंच, वाळलेला, टक्कल केलेला माणूस सकाळपासून बसला होता. शिपायाने आधी त्याचं नाव पुकारलं. तो उठला, मागे उभ्या तारामतीकडे त्याने पाहिलं, तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं, आणि बाजूला सरून म्हणाला, "तुमी जा, बाई. मले काई घाई नाई." ती आत गेली. वरचं पाकीट तिला मिळालं. त्याच्याखालचं त्याला. मग बाहेर व्हरांड्यात नर्सने दोघांना गावं विचारली आणि एकीने वाशीम म्हटलं, एकाने किन्हीराजा, तेव्हा जवरीलाल एवढा हरखला की गावाकडचा पाहुणा भेटावा तसा त्याने भाऊसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून दहा महिने बाकावरचं त्यांचं बोलणं गोळ्यांचं होतं. दोन विहिणी आपापल्या सुनांबद्दल बोलतात तसं. तिला सकाळी मळमळायचं. त्याचं तोंड यायचं, गालांच्या आतून फोड, भाकरीबरोबर मिरची गेली तर डोळ्यांतून पाणी. "तुमची बरी हाय," तो म्हणायचा. "तुमची तरी रोजची नाई," ती म्हणायची. त्यात चढाओढ होती का? तिने हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आज विचारायची वेळ आली होती आणि उत्तर आधीच छातीतून खाली उतरून गेलं होतं.

"दिसलं का तुमाले?" भाऊसिंग समोर बघत म्हणाला.

"काय?"

"तुमी पाह्यलं." त्याने बाही खाली ओढून घेतली. "शिंग लागलं बैलाचं." मग स्वतःच, "नाई लागलं."

"कधीपासून हाय?"

"आठ दिस झाले. सकाळी थुकलं तं लाल येते." त्याने पायातल्या वहाणेने जमिनीवर रेघ ओढली. "मी आज रगत देत नाई, बाई. आज देल्लं तं मुंबईचं बलावनं येईल. पंधरा दिसावर होळी हाय. मागची होळी खाटल्यावर गेली माही. तिथं होळीच्या दिवशी वरनभात देल्ला होता. ह्या होळीले मले तांड्यात राहू द्या. मंग जाईन."

"मले काहून सांगता? मी कुठं अडवते?"

"बबनराव तुमाले इचारतीन. सांगजा, भाऊसिंग आलाच नाई."

तो उठला आणि निंबाच्या सावलीतून, बैलांच्या बाजूने, मागे न बघता निघून गेला. चालणं नेहमीचंच होतं. त्याच्या पाठीकडे बघून कोणी म्हटलं नसतं.

बबनरावांनी दार उघडून विचारलं, "तांड्यावाला नाई आला?" आणि ती म्हणाली, "नाई." खोटं बोलायला काही जड गेलं नाही. लहानपणापासून शिकवलेलं होतं की खोट्याने जिभेला जडपणा येतो. शिरपूरला तिचं माहेर, जैन मंदिराच्या गल्लीतच. वडील रोज मंदिराच्या भुयारात उतरून दर्शन घ्यायचे आणि परत आल्यावर तिला विचारायचे, आज काही खोटं बोललीस का. जीभ जड झाली नाही. बोटाला सुई टोचली, थेंब आला, काचेवर पसरला. लालसर, पातळ, बोटाच्या नखाएवढा पट्टा. तो वाळेपर्यंत ती बघत राहिली. ह्यात काय दिसतं त्यांना? बबनराव एकदा म्हणाले होते की चांगल्या पेशी आणि वाईट पेशी वेगळ्या दिसतात, वाईट मोठ्या असतात, अडाणी पोरांसारख्या वाढतात, आणि ही औषधं वाढणाऱ्या पेशींना मारतात. हे तिने सासूबाईंना सांगितलं नव्हतं. कंचनबाई पाणी गाळून, उकळून प्यायच्या, किडामुंगी मरू नये म्हणून चुलीत घालायचं लाकूड आधी आपटून घ्यायच्या. सून रोज सकाळी कशाला मारते हे त्यांना कळून उपयोग नव्हता.

जेवणं सूर्य मावळायच्या आत व्हायची. त्या दिवशी ताट वाढताना तिने जवरीलालला सांगितलं, कारण न सांगणं तिला जमलं नाही. "भाऊसिंगचा रोग परत आला वाटते. दंडावर डाग पाह्यले." जवरीलालचा घास हातात राहिला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला त्याला दोन क्षण उशीर झाला. "म्हंजे," तो हळू आवाजात म्हणाला, "आपली गोळी बरी निंगाली." आणि लग्नाला अकरा वर्षं झाली त्यात पहिल्यांदा त्याने आपल्या ताटातली तूप लावलेली पोळी उचलून तिच्या ताटात ठेवली. कंचनबाई दारातून म्हणाल्या, "कोनाचं काय झालं?" तो म्हणाला, "त्या तांड्यावाल्याचं." "अरेरे, बिचारा," कंचनबाई म्हणाल्या, आणि त्याच दमात, "तारा, दूध घेतल्याशिवाय उठजो नोको." ह्यात कोणी वाईट नव्हतं. तिला ते स्वच्छ दिसत होतं. पोळीवरचं तूप थिजायला लागलं होतं. ती खाल्ली. उष्टं टाकायची पद्धत त्या घरात नव्हती.

दोन दिवस ती घरातली कामं करत राहिली आणि डोक्यात मुंबईच्या त्या खोलीचं दार उघडझाप करत राहिलं. शिपाई नाव पुकारतो. उंच माणूस उठतो. तो आत जातो. ती मागे भिंतीला टेकून उभी राहते. त्याच्यानंतर ती जाते आणि तिला खालचं पाकीट मिळतं, आणि आज फाल्गुनात तिच्या दंडावर डाग असतात आणि तांड्यावर कोणीतरी कोणाच्या तरी ताटात भाकरी वाढत म्हणतं, आपली गोळी बरी निघाली. ह्यात कुठेही कोणाचा पुण्याईचा हिशेब बसत नव्हता. पुण्याई असेल तर ती बाजूला सरणाऱ्याची असायला हवी. धुणं पिळताना ती थांबायची. दुसरीही एक गोष्ट होती, तिच्याकडे तिला बघायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, एकाचा रोग वर आला की आम्ही त्याला दुसऱ्याचं औषध देऊन बघू. म्हणजे बबनरावांना सांगितलं तर भाऊसिंगला तिची गोळी मिळेल, आणि लागू पडली तर आणखी काही महिने मिळतील. न सांगितलं तर होळी मिळेल. होळी त्याने मागितली होती. मग गप्प राहणं ही दया झाली. पण गप्प राहण्यात तिला जो थंडपणा जाणवत होता तो दयेचा नव्हता. तो खाली चाललाय, त्याला जाऊ दे, म्हणजे तू वर आहेस हे पक्कं होईल, असं काहीतरी आतून कोणी म्हणत होतं, आवाज न चढवता, दुकानात भाव सांगतात तसं. सांगावं तर त्याचा विश्वास मोडतो. न सांगावं तर ह्या आवाजाचं ऐकल्यासारखं होतं. कोणतं कशासाठी, हे वेगळं काढता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी डाळ निवडता निवडता तिने सूप खाली ठेवलं, पायात चपला घातल्या, आणि कंचनबाईंना "आली" एवढंच म्हणून दवाखान्यात गेली.

बबनराव औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होते. त्यांनी ऐकून घेतलं. "सोमवारी काहून नाई सांगतलं?"

"सोमवारी सांगायचं नवतं."

"अन् आज?"

"आज बी नवतं. सांगतलं."

बबनरावांनी बोटांना लागलेली खळ पुसली आणि कागद पुढे ओढला. मुंबईला पत्र गेलं. ते स्वतः मोटारीने किन्हीराजाला गेले, तिथून पायी तांड्यावर, आणि होळीच्या चार दिवस आधी भाऊसिंगला घेऊन अकोल्याच्या मोटारीत बसवून आले. नंतर त्यांनी तिला सांगितलं की तो काही बोलला नाही. फक्त एवढं विचारलं, शेठाणीनं सांगतलं का. "मी म्हनलं, पोस्टातून आलं. खरं वाटलं नाई त्याले," बबनराव म्हणाले. होळीच्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी लाकडं पेटली, पोरं ओरडली. तारामती माळवदावर वाळत घातलेल्या शेवया गोळा करत होती. धूर सरळ वर जात होता. तिला काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटायला हवं होतं हे तेवढं वाटलं.

वैशाखात तिला तपासणीला मुंबईला जावं लागलं. तपासून झाल्यावर डॉक्टर कागदावर लिहीत होते आणि जवरीलाल फळांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. भाऊसिंग पुरुषांच्या वॉर्डात होता, नर्सने सांगितलं होतं, ताप उतरलाय, तुमच्यासारखीच गोळी चालू केलीय, गुण दिसतोय. तिने विचारायचं ठरवलं नव्हतं, पण विचारलं.

"मंग माही गोळी चांगली ठरली का?"

डॉक्टरांनी मान वर केली. "असं दोन माणसांवरून ठरत नाही, बाई. त्याच्याच औषधावर इथे एक मुलगी आहे, तिला सव्वा वर्ष झालं. तुमच्या गोळीवरचे तिघे दोन-दोन महिन्यांत परत आले. अजून पुष्कळ माणसं लागतील. तेव्हाही कळेल की नाही, कोण जाणे. कदाचित दोन्ही सारखीच असतील."

"पन तो आधी आत आला असता तं?"

त्यांना प्रश्न समजला नाही. तिने दाराचं, शिपायाचं, बाजूला सरण्याचं सगळं सांगितलं. जवरीलाल तेव्हा दाराशी नव्हता, त्याला हे माहीत नव्हतं. तो पिशवीच्या कानाशी चाळा करायला लागला. डॉक्टरांनी चष्मा काढला. "तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "कोणालाच येणार नाही." त्यांचा आवाज थकलेला होता, कोरडा नव्हता.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती ते शब्द चाचपत राहिली. दोन महिने तिने एक ओझं वाहिलं होतं की आपण त्याच्या वाट्याचं घेतलं. आता कोणी सांगत होतं की घेण्यासारखं तिथे काही नव्हतंच कदाचित. सुटल्यासारखं वाटायला हवं. उलट पायाखालची फरशी कोणी काढून घेतल्यासारखं झालं. आपली गोळी बरी म्हणून आपण जिवंत, त्याची वाईट म्हणून तो आजारी, ह्यात अन्याय होता, पण निदान कारण होतं. तिघे दोन महिन्यांत परत आले. तिचीच गोळी, रोजची, सकाळची. तिने त्या तिघांचे चेहरे मनात आणायचा प्रयत्न केला. एकालाही चेहरा आला नाही. नाशकाच्या पुढचे डोंगर आले, उजाड, तांबूस. जवरीलालने संत्रं सोलून तिच्या हातात ठेवलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी त्या दिवशी तसं बोलायले नोको होतं." तिने मान हलवली. संत्रं आंबट होतं.

ज्येष्ठात एका सोमवारी भाऊसिंग बाकाच्या डाव्या टोकाला येऊन बसला. गाल आत गेले होते, फेट्याखालचे केस पुन्हा खुरटे.

"तुमीच सांगतलं," तो म्हणाला.

"हो."

"होळी गेली माही."

"हो."

"दोन गेल्या." त्याने सदऱ्याच्या खिशातून बाटली काढून दाखवली, तिच्या घरी फडताळात होती तशीच. "बरं केलं का वाईट केलं, मले समजूनच नाई राह्यलं. तिथं बी लय इचार केला. तुमाले शिव्या बी देल्ल्या." मग सहज, हवापाण्याचं विचारावं तसं, "सकाळी ओकारी येते. तुमी काय करता?"

"भाकरीचा तुकडा खायचा आधी. कोरडा. मंग घ्यायची."

"कोरडा," तो म्हणाला आणि मान हलवली.

त्या पावसाळ्यात तिच्यात एक बदल झाला, तो तिला फार उशिरा कळला. बाकावर बसल्या बसल्या ती त्याच्या हातांकडे बघायची. तो हसला तर हिरड्यांकडे बघायची. पोस्टकार्डं आली की बबनरावांना आधी त्याचं विचारायची. सुरुवातीला तिला वाटलं ही अपराधाची फेड आहे, आणि त्यात तिला थोडं बरंही वाटलं. पण तसं नव्हतं. एकदा त्याला साधा खोकला झाला होता आणि तिला घरी येऊन दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, स्वतःच्या गळ्याशी हात जात राहिला, तेव्हा तिला दिसलं. आता त्याच्या पोटात तिचीच गोळी जात होती. गोळी त्याच्यात हरली तर तिच्यातही हरणार, कधी ना कधी. आधी तो खाली गेला की ती वर जायची. आता तो गेला तर तीही जाणार होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन माणसांवरून ठरत नाही. ते खरं होतं. पण तिच्याजवळ दोनच माणसं होती. त्याने जगावं असं तिला आता मनापासून वाटत होतं, आणि ते मन कितपत स्वच्छ आहे हे बघायचं तिने सोडून दिलं.

आश्विनात तो एका सोमवारी आला नाही. पुढच्या पाळीलाही आला नाही. बबनराव म्हणाले निरोप धाडला, उत्तर नाही. तारामती घरी आली, उभ्या उभ्या जवरीलालला म्हणाली, "मी उद्या किन्हीराजाले जाऊन येते."

"मानूस पाठवतो ना दुकानातला."

"मानसाले काय दिसनार हाय?"

सकाळी कंचनबाईंनी उकळून गार केलेलं पाणी लोट्यात भरून दिलं, लोट्याला फडकं बांधलं, आणि कुठे जातेस म्हणून विचारलं नाही. त्यांना जवरीलालने सांगितलं असावं. मालेगावला मोटार बदलावी लागली. किन्हीराजापासून तांडा अर्धा कोस, माळावर, दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आली होती. ती चालत होती आणि चालण्याच्या लयीत काहीही विचार येत नव्हता, फक्त पुढचा एक क्षण येत होता: दार, खाट, खाटेवर कोणीतरी. खाट रिकामी, उशी मधोमध. तिने पाऊल भरभर उचललं.

भाऊसिंग घरापुढे बसून अंबाडीचा दोर वळत होता. उघड्या अंगाने. दंड स्वच्छ होते, पाठ स्वच्छ होती, गालांवर मांस आलं होतं. बाजूला त्याची आई रामीबाई, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, धान्य पाखडत होती. तिला बघून तो उठला, खांद्यावर सदरा ओढला.

"बाई? तुमी कशा काय?"

"दोन पाळ्या आले नाई तुमी."

"बरं वाटून राह्यलं होतं," तो म्हणाला, "म्हून नाई आलो."

"गोळी?"

तो सदऱ्याची बटणं लावायला लागला.

"किती दिस झाले?"

"असतीन वीसेक." मग एकदम भरभर बोलायला लागला. "बरा हाय ना मी. बऱ्या मानसानं औषध कायले घ्याव? घेतली का दुपारपर्यंत पोटात ढवळते, काम होत नाई, भाकर जात नाई. सोडली तं दोन भाकरी खातो. माय म्हनते आंग भरलं. पाहा ना तुमी, दिसते का काई?"

दिसत काही नव्हतं. ज्या भीतीने ती इतकी वाट चालून आली होती ती अंगातून निघाली आणि तिच्या जागी राग आला. जवरीलालवर, सासूवर, रोगावरसुद्धा ती अशी कधी चिडली नव्हती.

"आन ती बाटली," ती म्हणाली.

"बाई..."

"आन म्हनते ना तुले. कुठं ठेवली?"

तो आत गेला आणि बाटली घेऊन आला. रामीबाईचं सूप थांबलं होतं. तारामतीने लोट्याचं फडकं सोडलं.

"घे."

भाऊसिंगने बाटली हातात फिरवली. त्याला राग आलेला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमाले काय त्याचं, बाई? मी घेतली काय, नाई घेतली काय. होळीच्या वक्ती बी तुमीच सांगतलं. तुमाले काय पडलं माहं?"

सांगण्यासारखी पुष्कळ चांगली उत्तरं होती. तू बाजूला सरलास म्हणून. माणुसकी म्हणून. त्यातली काही खरीही असतील. ती म्हणाली, "माही बी तीच गोळी हाय. तुले चालली तं मले चालंल, असं वाटते मले. तू मेला तं मी कोनाकडे पाहू? म्हून आली."

भाऊसिंगने बाटलीचं बूच काढलं. मग घरात जाऊन शिळ्या भाकरीचा तुकडा घेऊन आला, तो कोरडाच चावला, गोळी तोंडात टाकली आणि वाकून ओंजळ पुढे केली. तिने लोट्यातलं पाणी वरून ओतलं. तो प्यायला, ओल्या हाताने तोंड पुसलं.

रामीबाईने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. भाऊसिंगने दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं.

"काय म्हनतात?" तारामतीने विचारलं.

"इचारते, ही तुही कोन लागते."

"मंग? काय सांगतलं?"

"काय सांगू?" तो दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरत खाली बसला. "म्हनलं, आमचं दोघाइचं औषध एक हाय."

तारामतीच्या तोंडाकडे, मग मनगटांकडे, मग पुन्हा तोंडाकडे रामीबाईने निरखून पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून ती उठली, भिंतीला उभी केलेली खाट उन्हातून ओढत ओढत छपराच्या सावलीत आणली, आडवी टाकली, आणि तिच्यावर हाताने दोनदा थापटलं. मोटारीला अजून तासभर होता. तारामती जाऊन बसली.